वाहनाची धडक बसलेला पादचारी पूल पुन्हा कधी खुला करावा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: महामार्गावरच्या एका लोखंडी पादचारी पुलाला हौदा वर राहिलेल्या डंपरची धडक बसली. पुलाची खालची कड एका जागी आत वाकली आणि कठड्याचा थोडा भाग तुटला. रात्रीतून डंपर ओढून काढण्यात आला, खालून पाहणी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पूल खुला करण्यात आला. पलीकडे शाळा असल्यामुळे मुले रोज त्यावरून ये-जा करतात. हा पूल सुरक्षित मानावा का, आणि नेमके काय तपासायला हवे?

केवळ रस्त्यावरून वर पाहून केलेल्या पाहणीच्या आधारे तो पूल सुरक्षित मानता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही टोकांच्या बेअरिंगपर्यंत, म्हणजे पूल ज्या बैठकींवर टेकतो तिथपर्यंत, शिडी किंवा क्रेनची बास्केट लावून कोणी प्रत्यक्ष पोहोचत नाही, जोडांवरचे रंगाचे पापुद्रे काढून ते हाताने आणि भिंगाने तपासत नाही, तोवर पूल बंद ठेवावा. वाकलेली कड सगळ्यांना दिसते, तिचेच फोटो निघतात आणि चर्चाही तिचीच होते. पूल प्रत्यक्ष खाली येतो तो मात्र बहुधा वाकलेल्या जागी तुटून नव्हे, तर टेकण्याच्या जागेवरून सरकून किंवा दूरचा एखादा जोड निसटून.

याचे कारण पुलाच्या वजनात आहे. २५ मीटर गाळ्याचा (गाळा म्हणजे दोन टेकूंमधला सलग भाग) आणि सुमारे ३ मीटर रुंदीचा लोखंडी पादचारी पूल साधारण २५ टनांच्या आसपास भरतो, तर तेवढ्याच गाळ्याचा दोन पदरी काँक्रीटचा रस्तापूल तीनशे टनांच्या पुढे जातो. आडवे बळ आले तर गाळ्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोनच असतात: स्वतःच्या वजनामुळे टेकूवर होणारे घर्षण, आणि गाळा टेकूच्या काँक्रीटला जखडणारे अँकर बोल्ट किंवा त्याला बाजूला सरकू न देणारे स्टॉपर. घर्षणाचा गुणांक उदारपणे ०.४ धरला तरी २५ टनांच्या गाळ्याला मिळणारा विरोध १० टनांचा, म्हणजे सुमारे १०० किलोन्यूटनचा होतो. युरोपीय संहितेत महामार्गावरच्या कमी उंचीच्या पुलाच्या वरच्या बांधणीसाठी वाहनाच्या धडकेचे समतुल्य स्थिर बळ ५०० किलोन्यूटन सुचवले आहे. उरलेला सगळा भार बोल्टांवर येतो, आणि ते बोल्ट पुष्कळदा वारा व भूकंप यांचाच हिशेब करून दिलेले असतात.

ऊर्जेच्या बाजूने पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. माल खाली करून निघालेला, हौदा वरच राहिलेला रिकामा हायवा डंपर १२ टनांचा धरला आणि त्याचा वेग ताशी ४० किलोमीटर असला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ७४० किलोज्यूल होते. एवढ्या ऊर्जेत २५ टनांचा पूल तीन मीटर उंच उचलता येईल. ही सगळी ऊर्जा पुलात जात नाही हे खरे. बरीचशी हौदा चेमटण्यात, त्याची बिजागरी तुटण्यात आणि चासी उचलली जाण्यात खर्च होते. तरी तिचा चौथा हिस्सा पुलाच्या वाट्याला आला, तरी तो हलका गाळा जागेवरून हलायला पुरेसा असतो. ताशी ६० किलोमीटरला हीच ऊर्जा सव्वादोन पट होते.

धडकेची दिशाही लक्षात घ्यावी लागते, कारण तिच्याकडे आपल्याकडे फारसे पाहिले जात नाही. पूल खाली येणाऱ्या वजनासाठी आखलेला असतो. वर राहिलेला हौदा किंवा ट्रेलरवर ठेवलेल्या पोकलेनचा, म्हणजे उत्खनन यंत्राचा, बूम (लांब हात) हा तिरका असतो, आणि तिरकी बाजू तुळईच्या खालच्या कडेला भिडली की ती पाचरीसारखी आत घुसते व गाळ्याला पुढे ढकलतानाच वर उचलते. गाळा क्षणभर जरी हलका झाला तरी टेकूवरचे घर्षण त्या क्षणापुरते जवळजवळ नाहीसे होते, आणि नेमक्या त्याच क्षणी आडवे बळ सर्वाधिक असते. म्हणूनच गाळ्याला वर उचलण्याविरुद्धही बांधून ठेवणे आवश्यक आहे, असा आग्रह मी प्रत्येक नव्या आराखड्यात धरतो.

इंग्लंडमधील केंट परगण्यात एम-२० महामार्गावर २७ ऑगस्ट २०१६ रोजी घडलेली घटना याचे उत्तम उदाहरण आहे. लॉरीवरून नेले जात असलेले उत्खनन यंत्र पादचारी पुलाला धडकले. त्या काँक्रीट पुलाच्या रचनेत एक गाळा शेजारच्या भागाच्या पुढे आलेल्या बाहूवर नुसता टेकलेला होता; धडकेने तो टेकू सुटला आणि गाळा सरळ रस्त्यावर कोसळला. पुलाचा दुसरा भाग मात्र आपल्या खांबावर उभाच राहिला. सुट्ट्यांच्या गर्दीचा तो दिवस असूनही कोणाचा जीव गेला नाही. एका मोटारसायकलस्वाराच्या बरगड्या मोडल्या. अमेरिकेत बाल्टिमोरच्या बाह्यवळण महामार्गावर ८ जून १९९९ रोजी ट्रेलरवरच्या उत्खनन यंत्रानेच पादचारी पूल पाडला होता आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. रिओ दी जानेरोमध्ये २८ जानेवारी २०१४ रोजी लिन्या अमरेला या जलदगती मार्गावर हौदा वर राहिलेल्या ट्रकने लोखंडी पादचारी पूल खाली आणला आणि पाच जणांचा बळी गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेट्रॉईट शहरात अशाच वर राहिलेल्या हौद्याने पादचारी पूल कोसळला व ट्रकचालक स्वतःच मरण पावला. देश वेगळे, पुलांची सामग्री वेगळी, पण धडकणारी वस्तू बहुतेक वेळा वर राहिलेला हौदा किंवा लादलेले उत्खनन यंत्र यांपैकीच एक असते.

आता आपल्या पुलाविषयी. पाहणीची सुरुवात धडक बसलेल्या जागेपासून न करता दोन्ही टोकांपासून करावी. बेअरिंगची खालची पट्टी आणि तिच्यावर टेकलेली तुळई यांची सापेक्ष जागा बदलली आहे का, हे तिथल्या खुणा सांगतात. जुना रंग, धूळ आणि गंज यांची एक रेषा वर्षानुवर्षे तयार झालेली असते. तिच्या शेजारी लोखंडावर ताजा, चकचकीत ओरखडा दिसला तर गाळा सरकला होता हे निश्चित, मग तो आता मूळ जागी परत आलेला दिसत असला तरीही. धडकेच्या विरुद्ध टोकाला, जिथे कोणी पाहायलाही गेलेले नव्हते, तिथे अँकर बोल्टचे नट जागेवर असूनही खालचा दांडा कापला गेल्याचे मी पाहिले आहे. नट पान्याने फिरवून पाहिल्याशिवाय असा बोल्ट ओळखता येत नाही, कारण रंगाने तो तसाच चिकटून राहतो. रबराची बेअरिंग असतील तर ती तिरपी झाली आहेत का, एका कडेने फुगली किंवा फाटली आहेत का, हे पाहावे. टेकूच्या काँक्रीटला बोल्टांभोवती तिरकस तडे गेले असतील तर तो बोल्ट पुढच्या धडकेला काहीही उपयोगाचा नाही.

त्यानंतर गाळ्याची भूमिती मोजावी. टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने किंवा ते नसेल तर ताणलेल्या दोरीने आणि ओळंब्याने दोन्ही बाजूंच्या तुळया किती आडव्या वाकल्या आहेत, मधला उंचवटा किती उरला आहे आणि गाळ्याला पीळ पडला आहे का, याची मोजमापे घेऊन ती मूळ आराखड्याशी ताडून पाहावीत. मूळ आराखडा सापडत नसेल, आणि हे दुर्दैवाने वारंवार घडते, तर धडक न बसलेल्या बाजूची तुळई हाच संदर्भ मानावा.

जोडांच्या पाहणीवर मी सर्वाधिक वेळ घालवतो. आपल्याकडच्या अनेक लोखंडी पादचारी पुलांत दोन्ही बाजूंना ट्रस (लोखंडी दांड्यांची त्रिकोणी जाळी) आणि मधून चालण्याची वाट असते. डोक्यावर दोन्ही ट्रसना जोडणारी भक्कम आडवी बांधणी नसेल, तर अशा पुलात ट्रसचा वरचा पट्टा कायम दाबाखाली असतो आणि दाबाखालचा लांब सदस्य, म्हणजे ट्रसमधला लोखंडी घटक, बाजूला फाकायला पाहतो. त्याला फाकू न देण्याचे काम उभे सदस्य आणि त्यांच्या पायाशी असलेल्या आडव्या तुळया मिळून करतात. डंपरचा हौदा आदळतो तो नेमका या आडव्या तुळईच्या आणि उभ्या सदस्याच्या जोडापाशी. तो जोड तडकला किंवा सैल झाला की वरच्या पट्ट्याचा बाजूचा आधार जातो. म्हणजे धडक खाली बसते आणि खरा धोका वर, मुलांच्या खांद्याच्या पातळीला तयार होतो. पत्र्याच्या छपराची हलकी चौकट हा आधार देऊ शकत नाही, म्हणून छप्पर आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

वाकलेल्या सदस्यांचा विचार करतानाही तो ताणाखाली आहे की दाबाखाली, यावर निर्णय बदलतो. साध्या टेकलेल्या गाळ्यात ट्रसचा खालचा पट्टा ताणाखाली असतो; तो थोडा वाकला असला, पण त्याला तडा नसला, तर काही काळ तो भार वाहू शकतो. तेवढाच बाक दाबाखालच्या तिरप्या सदस्याला आला असेल तर त्याची भार पेलण्याची क्षमता फार झपाट्याने उतरते. पोकळ चौकोनी किंवा गोल नळीला पडलेला पोचा हासुद्धा दाबाखालच्या सदस्यात गंभीर मानावा. ताणाखालच्या पट्ट्यात मात्र तडा शोधावा लागतो. वेल्डच्या कडेला, गसेट प्लेटच्या (जोडावरच्या पत्र्याच्या) कोपऱ्यात आणि जिथे हौद्याच्या कडेने लोखंडाला खाच पाडली आहे तिथे रंग पूर्ण काढून बारीक तडे दाखवणारी डाय पेनिट्रेंट (रंगद्रव्याची) किंवा चुंबकीय कणांची चाचणी करावी. रंगाला आडव्या बारीक रेषा पडून तो पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तिथले लोखंड आपल्या लवचीक मर्यादेपलीकडे ताणले गेले आहे, असे समजून त्या भागाची चाचणी प्राधान्याने करावी. काँक्रीटचा पूल असता तर मी काँक्रीटमधल्या पूर्वताणित (आधीच ताणून बसवलेल्या पोलादी) केबल उघड्या पडल्या वा तुटल्या आहेत का हे आधी पाहिले असते, आणि फुटलेल्या जागेवर गिलावा करण्याला ठाम विरोध केला असता, कारण त्याखाली काय झाले ते पुढे कोणालाच पाहता येत नाही.

डंपर ओढून काढण्याबद्दलही लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढच्या वेळी ते कोणाच्या तरी कामी येईल. वाहतूक मोकळी करण्याच्या घाईत टायरची हवा सोडून किंवा मागून दोर बांधून अडकलेले वाहन ओढले जाते. वाहन पुलाखाली नुसते अडकले असेल तर हे चालेल. पण गाळा टेकूवरून सरकलेला असेल तर कदाचित त्या वाहनानेच त्याला पेलून धरलेले असते. म्हणून आधी दोन्ही टोकांचे टेकू पाहावेत, गरज वाटल्यास क्रेनने गाळा धरावा किंवा खाली लोखंडी आधार द्यावा, आणि मगच वाहन हलवावे. तोवर पुलाखालच्या दोन्ही बाजूंच्या मार्गिका बंद ठेवाव्यात आणि दोन्ही जिन्यांना कुलूप लावावे. अपघात पाहायला लोक पुलावरच जमतात, आणि दाट गर्दीचा भार आपल्या संहितेप्रमाणे प्रति चौरस मीटर ५०० किलोग्रॅम धरला जातो. २५ मीटर गुणिले ३ मीटरच्या पुलावर तो साडेसदतीस टन होतो, म्हणजे पुलाच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त.

खांबांच्या धडकेचे गणित निराळे आहे आणि त्यासाठी आपली संहिता बरीच स्पष्ट आहे. भारतीय रस्ते महासभेच्या आयआरसी:६ प्रमाणे रस्त्यालगतच्या खांबांवर रस्त्याच्या दिशेने १००० किलोन्यूटन आणि आडव्या दिशेने ५०० किलोन्यूटन इतके मुख्य बळ रस्त्याच्या पातळीपासून ०.७५ ते १.५ मीटर उंचीवर धरावे लागते. रस्त्याच्या कडेपासून किमान ४.५ मीटर दूर असलेल्या बांधकामाला यातून सूट आहे. दुभाजकातला खांब एवढा दूर असूच शकत नाही आणि शहरात पदपथावरचाही क्वचितच असतो, त्यामुळे व्यवहारात संरक्षक कठड्यावर भिस्त ठेवली जाते. खांबाला चिकटून लावलेला पत्र्याचा क्रॅश बॅरिअर मात्र संरक्षण नव्हे. धडक बसली की तो मागे सरकतो, आणि त्याला सरकायला मोकळी जागा नसेल तर तो वाहनासह खांबावरच येतो. खांबाजवळ काँक्रीटचा उंच, ताठ अडथळा हवा. ट्रक त्यावरून कलतो तेव्हा त्याची केबिन खांबाला लागू नये इतकी त्याची उंची किंवा त्याचे अंतर असावे.

याच संहितेत असेही म्हटले आहे की पादचारी पुलाचे जिने आणि उतार मुख्य गाळ्यापासून संरचनेच्या दृष्टीने स्वतंत्र असतील तर त्यांच्या खांबांना धडकेचा भार धरण्याची गरज नाही. या सवलतीचा अर्थ नीट घ्यायला हवा. जिन्याचा खांब पडला तरी मुख्य गाळा उभा राहिला पाहिजे, ही तिची अट आहे. पुढे कोणी तरी लिफ्टचा मनोरा किंवा जिना मुख्य खांबाला वेल्ड करून जोडला, तर सवलतीचा आधार उरत नाही. आपल्या पुलाचा जिना नंतर बदलला असेल तर हे मुद्दाम तपासावे.

उंचीच्या बाबतीत परदेशात एक साधी शहाणपणाची प्रथा आहे. ब्रिटनमध्ये नव्या रस्तापुलाखाली ५.३ मीटर उंची लागते, तर पादचारी पुलाखाली ५.७ मीटर. अमेरिकेतही पादचारी पूल रस्तापुलापेक्षा एक फूट अधिक उंच ठेवतात, कारण तो धडक सोसायला कमकुवत असतो. आपल्याकडे मात्र महामार्गावर पादचारी पूल आणि शेजारचा उड्डाणपूल दोन्ही ५.५ मीटरच्याच मापाने बांधलेले अनेक ठिकाणी दिसतात. पादचारी पुलाला आणखी ३० सेंटिमीटर द्यावेत असे मला मनापासून वाटते. त्यामुळे साधारण दोन पायऱ्या वाढतात, आणि पायऱ्या वाढल्या की लोक खालून रस्ता ओलांडतात ही तक्रारही खरी आहे. पण चालण्याची वाट ट्रसच्या तळाशी ठेवली तर त्या दोन पायऱ्यांची भरपाई बहुतेक वेळा होऊ शकते.

फलकावर लिहिलेली उंची खरी असेलच असेही नाही. रस्त्यावर डांबराचे नवे थर चढत जातात आणि फलक जुनाच राहतो. प्रत्येक मार्गिकेवर, तुळईच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून मोजून घ्यावे. पुलाखाली लटकवलेल्या जलवाहिन्या, केबलचे ट्रे आणि जाहिरात फलकांच्या चौकटी हे सारे त्या मापात धरावे. अनेकदा आधी तेच धडकते आणि तुळईला ओढून नेते. कायद्याने सर्वसाधारण मालवाहू वाहनाची उंची चार ते पावणेपाच मीटरच्या आत असते, त्यामुळे ५.५ मीटरच्या पुलाला लागणारे वाहन बहुधा हौदा वर राहिलेले किंवा यंत्र चुकीचे लादलेले असते. असे वाहन रोखण्यासाठी पुलाच्या आधी स्वतंत्र कमान उभारता येते, पण ती भक्कम पायावर आणि पुलापासून पुरेशा अंतरावर हवी, नाहीतर तुटलेली कमानच पुलावर येऊन आदळेल. वाळू-खडीच्या खाणी आणि मोठी बांधकामे जवळ आहेत अशा ठिकाणी मी कमानीइतकाच भर डंपरच्या केबिनमधल्या हौदा-वर इशाऱ्यावर देईन, कारण मूळ चूक तिथे होते: माल ओतून झाल्यावर चालक हौदा पूर्ण खाली बसण्याआधीच निघतो.

दुरुस्तीनंतर पुष्कळदा भारचाचणी करून पूल योग्य ठरवला जातो. वाळूची पोती रचून केलेली चाचणी उपयोगी आहे, मात्र ती खाली येणाऱ्या भाराविषयीच बोलते. कापलेला अँकर बोल्ट किंवा वेल्डच्या कडेचा केसाएवढा तडा ती दाखवत नाही. त्यामुळे ती पाहणीच्या जागी नव्हे, पाहणी व दुरुस्ती पूर्ण झाल्यावर करावी. वाकलेला पट्टा गरम करून सरळ करायचा असेल तर लोखंडाची प्रत, तापमानाची मर्यादा आणि नंतरची तडा-चाचणी यांची लेखी नोंद हवी. गॅस कटरने लाल करून जॅकने ढकलणे ही दुरुस्ती नव्हे.

पूल बंद ठेवा, असे मी लिहितो तेव्हा मुले त्या महामार्गावरून खालून जाणार, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच बंदीच्या आदेशातच शाळेच्या वेळेपुरता वाहतूक पोलिसांचा बंदोबस्त, वेग कमी करणारे अडथळे आणि तात्पुरता सिग्नल यांचा समावेश करायला लावा. ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडल्यास ही मागणी टाळणे कठीण जाते.

सोबत पुलाची मालकी असलेल्या कार्यालयाकडे माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करून चार कागद मागावेत: धडकेनंतरच्या पाहणीचा अहवाल आणि तो बेअरिंगपर्यंत पोहोचून केला होता का याची नोंद, गाळ्याची मोजमापे, वेल्ड व बोल्टांच्या चाचण्यांचे निकाल, आणि पूल खुला करण्याचा सहीचा आदेश. जीविताचा प्रश्न असल्याचे अर्जात स्पष्ट लिहिल्यास ४८ तासांत उत्तर देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. अहवालात बेअरिंगचा उल्लेखच नसेल, तर पाहणी झालेली नाही असे समजून पूल पुन्हा बंद करण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी.